उतरतं शहर

नागपूरकरांना एखादी गोष्ट पटली की ती अर्धीमुर्धी पटत नाही. जी मंडळी कधीकाळी पाहुण्यांना मुद्दाम रिंगरोडने फिरवून ‘हा आमचा सव्वीस मजली, हा तीस मजली’ असं दाखवायची, तीच मंडळी आता त्याच रस्त्याने नेऊन ‘हा होता तीस मजली, आता चारच ठेवला’ असं कौतुकाने सांगू लागली होती. इमारतींचे वरचे मजले कापून खाली घ्यायच्या या कामाला लोकांनी ‘उतरण’ असं नाव दिलं. स्पेनमधल्या सेव्हिलमध्ये उतरण झाली होती, मस्कतमध्ये झाली होती, आफ्रिकेतल्या कानोमध्ये तर ती जोरात चालू होती. इराणातल्या यझ्दच्या जुन्या भागाला काही उतरवायचंच नव्हतं. तो पहिल्यापासून बसका, चौकांचा, आणि म्हणून मागासलेला ठरलेला. आता जगभरचे महापौर तिथे शिकायला जात होते.

काच, लिफ्ट आणि उंची म्हणजे आधुनिकपणा, ही समजूत शंभरेक वर्षं टिकली आणि बघता बघता गेली. आता पुढारलेलं शहर कोणतं, तर ज्यात माणसाच्या वाट्याला जास्त आकाश येतं ते. ओट्यावर बसणाऱ्यांना गावंढळ म्हणणारे लोक ओट्याच्या महत्त्वावर व्याख्यानं देऊ लागले, आणि ती ऐकायला गर्दीही होऊ लागली.

या सगळ्याच्या मुळाशी जी थोडी माणसं होती, त्यांत राजरत्न खोब्रागडे यांची मुलगी होती. स्वतः राजरत्न मात्र गगनविहार टॉवरच्या अकराव्या मजल्यावर राहत होते, आणि त्यांना खाली यायचं नव्हतं. निदान मुलीला तरी त्यांनी तसंच सांगितलं होतं.

उत्पलाने हे सगळं शास्त्र आईबापांना पहिल्यांदा समजावून सांगितलं ते जेवणाच्या टेबलावर. ती तेव्हा सुट्टीला आली होती. लग्न तिने केलं नव्हतं, परगावच्या संशोधन संस्थेच्या आवारातच राहायची, आणि घरी आली की बोलत सुटायची.

“प्रत्येक वस्तू उष्णता बाहेर टाकत राहते, बाबा. भिंत टाकते, आपण टाकतो, हे वरण टाकून राहिलं.”

“ते दिसून राहिलं,” करुणाबाई म्हणाल्या. “जेव आधी.”

पण ती कसली थांबते. हवा त्यातली बरीचशी उष्णता अडवून धरते. फक्त अवरक्त किरणांच्या एका पट्ट्याला ती अडवत नाही. त्या पट्ट्यातली उष्णता थेट अंतराळात निघून जाते, आणि अंतराळ भयंकर थंड आहे. उत्पलाच्या गटाने चुन्यात काचेचे अतिसूक्ष्म मणी मिसळून असा गिलावा तयार केला होता, की तो ऊन जवळजवळ सगळं परतवायचा आणि अंगातली उष्णता नेमकी त्याच पट्ट्यातून आकाशात टाकायचा. भर मे महिन्यात, भर दुपारी, वीज अजिबात न वापरता तो आजूबाजूच्या हवेपेक्षा गार राहायचा. विदर्भाची कोरडी हवा त्याला फार मानवली. मुंबईच्या दमट हवेत तो तेवढा चालत नाही, हे नागपूरकर विचारलं नाही तरी सांगत.

अट एकच होती, गिलाव्याला आकाश दिसलं पाहिजे. टॉवरच्या भिंतीला समोरच्या टॉवरची भिंत दिसते, आणि मग दोघी एकमेकींना तापवत बसतात. म्हणून बसकी घरं, रुंद गच्च्या आणि मधे उघडा चौक.

“थंड हवा जड राहते,” उत्पलाने परातीत तांब्याभर पाणी ओतलं. “गच्चीवरून ती अशी खाली येते आणि चौकात साचते. सगळ्या घरांना पुरते. पण एका घराने ए.सी.चं गरम तोंड चौकात काढलं, किंवा गच्चीवरची धूळ धुतली नाही, की सगळ्यांची हवा बिघडली. आम्ही मोजलं ना. जिथं शेजाऱ्यांचं आपसात पटते, ते चौक दोन-तीन अंशांनी गार राहतात. तोच गिलावा, तेच ऊन.”

“म्हणजे भांडकुदळ बाईला चौकात जागा नाही,” करुणाबाई म्हणाल्या. “माझं कसं होईल?”

“तेच तर मी बसवलं, आई. कॉम्प्युटरवरची जुळणी. कोणाचं कोणाशी पटेल हे ती काढते. मग लोकांनी आठ दिवस तिथं राहून पाहायचं. आणि चौकातल्या एकाही घराची ना असली, तर ना. एक नाराज घर सगळा चौक तापवते.”

राजरत्नांनी घास हातातच ठेवला. “नाव विचारते का ती जुळणी?”

“नाव नाही, आडनाव नाही, जात नाही, धर्म नाही. ते मी भांडून काढून टाकलं, बाबा. फक्त सवयी विचारते. उठता कधी, शिजवता काय, कोणता वास चालते, सण कोणते, गाणी कोणती, पाहुणे किती येतात.”

तिचा चेहरा अभिमानाने फुलला होता. राजरत्नांनी करुणाबाईंकडे पाहिलं. करुणाबाई ताटाकडे पाहत होत्या. आडनावाशिवाय माणूस कसा ओळखतात, हे त्या दोघांना चांगलं ठाऊक होतं.

“छान आहे, बेटा,” राजरत्न म्हणाले आणि त्यांनी घास घेतला.

आपण कोण, हे उत्पलाला माहीत नव्हतं असं नाही. दसऱ्याला बापाच्या खांद्यावर बसून ती दीक्षाभूमीवर गेली होती. भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोखाली बसून तिने अभ्यास केला होता. पुस्तकातली जात तिला तोंडपाठ होती. रोजची माहीत नव्हती, कारण ती तिच्यापर्यंत पोचू नये अशी व्यवस्था राजरत्नांनी केली होती, आणि ती व्यवस्था म्हणजे हे अकराव्या मजल्यावरचं घर.

लग्न झालं तेव्हा राजरत्न विमा कंपनीत नवे नवे लागले होते. आपल्या समाजाच्या उत्तरेकडच्या वस्तीतून बाहेर पडून त्यांनी शहरात भाड्याची खोली घेतली, मग दुसरी, मग तिसरी. कोणी शिवी दिली नाही, कोणी जातीचं नाव काढलं नाही. एका घरमालकाच्या मुलाचं अचानक लग्न निघालं. दुसऱ्याला रंगकाम करायचं होतं. तिसरीकडची बाई तर फार मायाळू. करुणाबाईंना दिवस गेलेले म्हणून तिने डोहाळ्यांचं काय काय करून खाऊ घातलं, आणि एक दिवस सुकट भाजल्याचा वास वर गेल्यावर, तितक्याच मायेने, महिनाअखेर खोली रिकामी करायला सांगितली.

टॉवरच्या बिल्डरला मात्र चेकशी मतलब होता. पैसे भरले, किल्ली मिळाली. लिफ्टमध्ये सगळे लोक आकड्यांकडे तोंड करून उभे राहायचे. समोरच्या दारामागे कोण राहतं, हे दोन वर्षं कळलं नाही. शहरातली माणसं एकमेकांना तुटली म्हणून लोक तेव्हा हळहळायचे, त्यावर लेख यायचे. राजरत्न ते लेख वाचून हसायचे. इथं कोणी कोणाचं नाही, आणि यापेक्षा मोठं सुख त्यांनी पाहिलं नव्हतं.

लहानपणी उत्पला विचारायची, “बाबा, आपण एवढं वर काहून घर घेतलं?” ते म्हणायचे, “हवा छान येते.” त्या उत्तरावर वाढलेल्या पोरीने पुढे हवेचाच अभ्यास केला.

त्या दिवशी टेबलावर त्यांनी बोलायला हवं होतं. परातीतलं पाणी हलत होतं, पोर आनंदात होती, आणि एका वाक्याचं काम होतं. पण ते वाक्य बोलायचं म्हणजे चाळीस वर्षं जे तिच्यापासून झाकून ठेवलं ते उघडं करायचं, आणि तेही तिच्या आयुष्यातल्या सगळ्यात चांगल्या कामावर ओतायचं. त्यांच्याच्याने ते झालं नाही.

दोन वर्षांनी गगनविहारला उतरणीची नोटीस लागली. वरचे मजले निघणार, तिथल्या लोकांनी जुळणीतून चौक निवडायचे. बायका-मुलांत आनंदीआनंद झाला. लोक वर्षानुवर्षं शेजारी राहून एकमेकांना पहिल्यांदाच नावं विचारू लागले, तेवढ्यात त्यांची जायची वेळ झाली.

राजरत्न आणि करुणाबाईही गेले राहून पाहायला. पहिला चौक बकुळीचा. मधे मोठं झाड, भोवती दुधासारख्या पांढऱ्या गच्च्या. बाहेर रस्ता भाजत होता, आणि कमानीतून आत पाऊल टाकलं की पायांना गारवा लागायचा. करुणाबाईंचे गुडघे दुखायचे थांबले. चौकातल्या बायकांबरोबर त्या कट्ट्यावर बसून शेंगा सोलायच्या, त्यांना हसवायच्या. आठ दिवस त्यांनी वरण-भात, पोळी आणि दोडक्याची भाजी यापलीकडे काही केलं नाही.

“एवढी शहाण्यासारखी मी लग्नातही वागली नव्हती,” त्या राजरत्नांना म्हणाल्या.

“पंख्याशिवाय झोप लागून राहिली का तुला?”

“मेल्यासारखी झोपते जी. आपल्या पोरीनं केलं हे सगळं. मी त्या बायांना सांगितलं नाही, पण मला सारखं सांगावं वाटते.”

नवव्या दिवशी फोनवर निरोप आला. जुळणी नाही. कारणांच्या यादीतलं एक कारण कोणीतरी निवडलं होतं, स्वयंपाकाचा वास. करुणाबाईंनी तो निरोप पुन्हा वाचायला लावला. मग त्या सामान भरायला लागल्या. निघताना त्याच बायकांनी त्यांचा हात हातात घेऊन ‘येत जा हो’ म्हटलं. त्यांतल्या एकीची ना होती. कोणाची, हे कळायची सोय नव्हती.

पुढे आणखी दोन चौक झाले. दोन्हीकडे माणसं गोड, गारवा तसाच, आणि उत्तर तेच. तिसऱ्या वेळेनंतर जुळणीने आपण होऊन एक चौक सुचवला. ‘तुमच्यासाठी सर्वांत योग्य’, असं वर लिहून आलं होतं. तो उत्तरेकडच्या वस्तीतला होता, राजरत्न जिथे जन्मले त्या गल्लीपासून फार तर हाकेच्या अंतरावर.

राजरत्न कितीतरी वेळ त्या नकाशाकडे पाहत राहिले. “मला तिथं जायची लाज नाही, करुणा. जयंतीला मी जातोच. आपली माणसं आहेत. पण मी आपल्या पायानं गेलो तर गेलो. हे तर मला परत पाठवून राहिले.”

“चला जाऊ. माणसं तरी खरं बोलतील.”

पण तिथेही लगेच जाता येत नव्हतं. दाटीच्या वस्तीत चौक काढायला जागा मिळेना, गिलाव्याचं काम सगळ्यांत शेवटी धरलं होतं. पावसाळ्यानंतर या, असं उत्तर मिळालं. तोवर उन्हाळा टॉवरमध्येच काढायचा होता.

“पोरीला सांगा ना जी,” करुणाबाई म्हणाल्या.

“काय सांगू? तुझ्या मशीननं आम्हाला ओळखलं म्हणून?”

“तिला दुरुस्त करता येईल.”

“येईल. अन् मग ती जन्मभर ते घेऊन फिरेल. आपलेच दात अन् आपलेच ओठ, करुणा. बोलायची सोय आहे का?”

करुणाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. त्यांना ते पटलं नव्हतं. पण जन्मभर जे दोघांनी मिळून झाकलं, ते एकटीने उघडायचं त्यांच्या जिवावर आलं.

उत्पलाचा फोन सेव्हिलहून यायचा. तिथल्या चौकांचं काम तिच्याकडे होतं.

“बाबा, गगनविहारमधले सगळे गेले म्हणते आई. तुम्ही अजून वर काय करून राहिले?”

“मला उंचावर बरं वाटते.”

“उन्हाळा तोंडावर आला. आता टॉवरला वीज कमी देणार आहेत, लिफ्ट ठरल्या वेळेलाच चालेल. मी एक फोन करते, कोणत्याही चांगल्या चौकात तुमची सोय होईल.”

“फोन-बिन काही करू नको.” त्यांचा आवाज एकदम चढला, कारण तिने फोन केला असता तर तीन नकार तिच्यासमोर आले असते. “आम्ही अर्जच केला नाही अन् करणारही नाही.”

“जग कुठल्या कुठे गेलं, बाबा. लिफ्ट आणि बंद दार म्हणजे सुधारणा, हे तुमच्या तरुणपणी ठीक होतं. मी जगाला समजावते आणि माझ्याच घरात माझं कोणी ऐकत नाही. आईच्या गुडघ्यांचा तरी विचार करा.”

“हवा छान येते इथं,” राजरत्न म्हणाले.

मे महिना आला तो कोणाचीही गय न करता आला. भोवतालचे फ्लॅट रिकामे, दारं-खिडक्या बंद, त्यांच्या भिंती दिवसभर तापायच्या आणि ती धग राजरत्नांच्या घरात उतरायची. ए.सी. घरघरायचा, थोडा चालायचा, बंद पडायचा. करुणाबाई ओली चादर अंगावर घेऊन हॉलमध्ये पडून राहायच्या. महापालिकेच्या सावली-केंद्रात त्या एक-दोनदा जाऊन आल्या, पण लिफ्टची वेळ चुकली की अकरा मजले गुडघ्यांना झेपत नव्हते.

त्या दिवशी फ्रीजने मान टाकली. दुपारी राजरत्न बर्फ आणायला खाली उतरले. “कुल्फी मिळाली तर आणा,” करुणाबाई म्हणाल्या. “नवरा-बायको खाऊ. शेजारी पाहायला कोणी नाही.” ते हसले आणि दार ओढून घेतलं.

परत आले तेव्हा लिफ्ट बंद होती, वेळेच्या आधीच. बर्फाची पिशवी घेऊन ते जिना चढू लागले. मजल्यामजल्यावर बसावं लागत होतं. सत्तरी ओलांडलेला माणूस, किती भराभर चढणार. पिशवीतून पाणी गळत होतं आणि ते करुणाबाईंना मोठ्याने हाक मारत होते, म्हणजे त्यांना येत असल्याचं कळावं. वर पोचले तेव्हा त्या न्हाणीघराच्या फरशीवर आडव्या होत्या, गार फरशीला गाल लावून. बादली रिकामी होती. अंगाला हात लावला तर चटका बसला. राजरत्नांनी उरलासुरला बर्फ त्यांच्या कपाळावर, गळ्यावर, छातीवर ठेवला. तो वितळत गेला, आणि करुणाबाईंनी डोळे उघडले नाहीत.

उत्पला तिसऱ्या दिवशी पोचली. करुणाबाईंच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला वस्तीतले नातेवाईक होते, कंपनीतले जुने लोक होते. वंदना झाली, लोक चार-चार शब्द बोलले. मग उत्पला उभी राहिली. आईबद्दल बोलता बोलता तिची नजर बापाकडे गेली, आणि मग तिला राहवलं नाही.

“आई मरायला नको होती. मी जगभर घरं गार करून राहिली आणि माझी आई उन्हानं मेली. फक्त यांना उंचावर राहायचं होतं म्हणून. यांच्या हट्टापायी गेली ती.”

खाली बसलेल्यांतली एक म्हातारी काही बोलायला उठू लागली. करुणाबाईंनी तिच्यापाशी कधीतरी मन मोकळं केलं असावं. राजरत्नांनी तिच्याकडे पाहून हळूच मान हलवली, आणि ती बसली.

“खरं आहे,” राजरत्न म्हणाले. “माझंच चुकलं.”

त्यानंतर बापलेकीचं बोलणं कमी झालं. गगनविहार उतरला. त्याच्या चार मजल्यांच्या गच्चीवर पांढरा गिलावा चढला. राजरत्न उत्तरेकडच्या चौकात एका खोलीत राहायला गेले. माणसं प्रेमाची होती, जेवायला बोलवायची. ते दुपारी गार ओट्यावर बसायचे आणि बायकोला हे मिळालं नाही म्हणून रोज मनात जळायचे. उत्पलाला महिन्यातून एकदा फोन करायचे. जेवलीस का, बरी आहेस का, एवढंच.

असं दीड वर्ष गेलं. मग एक दिवस ती स्वतःच दारात येऊन उभी राहिली. डोक्यावर पांढरे केस दिसू लागले होते.

“मी नागपूरला आली, बाबा. कायमची. संस्थेचं आवार सोडून दिलं. मी दुसऱ्यांना चौकात राहा म्हणते आणि स्वतः कधी राहिली नाही. तुम्ही माझ्यासोबत राहा.” मग ती खाली पाहून म्हणाली, “त्या दिवशी मी फार बोलली. पण आता हट्ट करू नका. मला आता एकच माणूस राहिलं.”

राजरत्नांना नाही म्हणता आलं नाही, आणि हो म्हणताना त्यांनी तिच्याकडे पाहायचं टाळलं.

पश्चिमेकडच्या एका चौकात ती दोघं आठ दिवस राहिली. उत्पलाला ओळखायला कोणाला वेळ लागला नाही. “तुमच्यामुळेच तर आमचा हा चौक,” म्हणून लोक तिला बोलवून नेत होते, तिच्याबरोबर फोटो काढत होते. तिला दिवसभर काम असायचं. दोन्ही वेळचं जेवण दोघं संस्थेच्या नागपूर केंद्राच्या कँटीनमध्येच करायची, सकाळचा चहासुद्धा चौकातला कोणी ना कोणी घेऊन यायचा. हळूहळू राजरत्नांच्या मनातली भीती सैल झाली. हिला कोण ना म्हणेल, असं त्यांना वाटू लागलं. काळ बदलला असेल, आपणच मागे राहिलो असू, असंही वाटलं. उत्पला रोज संध्याकाळी त्यांच्याजवळ कट्ट्यावर टेकायची, आणि एकदा तर तिने लहानपणीसारखं त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवलं.

निरोप दुपारी आला. उत्पला फोन घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

“ना आली,” ती म्हणाली. तिला आधी हसूच आलं. “कोणीतरी चुकीचं बटण दाबलं, बाबा. कारण पाहा काय दिलं. स्वयंपाकाचा वास.”

राजरत्न जागचे उठले.

“आपण तर काही शिजवलंच नाही.” ती आत वळली. शेगडी नवी कोरी होती, तिच्यावरचा प्लॅस्टिकचा कागदसुद्धा कोणी काढला नव्हता. उत्पला त्या शेगडीसमोर थांबली. तिचं हसू गेलं. लहानपणी अवघड गणित सुटायला आलं की ती अशीच ओठ मुडपून थांबायची. राजरत्न तिच्याकडे पाहत होते, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना वाटलं की हिला हे सुटू नये.

“बाबा,” ती न वळता म्हणाली. “तुम्ही आणि आई कधी राहून पाहायला गेले होते?”

“नाही.”

“बाबा.”

बाहेर चौकात कोणीतरी झाडाला पाणी घालत होतं. राजरत्नांनी भिंतीला हात टेकला.

“गेलो होतो.”

“किती ठिकाणी?”

“तीन.”

“कारण काय आलं होतं?”

“जाऊ दे ना आता.”

“काय आलं होतं?”

“हेच.”

उत्पला भिंतीला पाठ लावून खाली बसली. फरशी छान गार होती. तिने दोन्ही तळवे तिच्यावर ठेवले आणि लगेच उचलून घेतले.

“मी तुम्हाला हट्टी म्हटलं. सगळ्यांसमोर म्हटलं, आणि तुम्ही माझंच चुकलं म्हणाले. काहून सांगितलं नाही मला? सुरुवातीलाच, त्या जेवणाच्या वेळेला, तुम्हाला कळलं होतं ना? एक शब्द सांगितला असता तर मी हे असं केलंच नसतं.”

“तुला हे कधी सांगावं लागू नये,” राजरत्न म्हणाले, “म्हणून तर एवढं वर घर घेतलं होतं.”

ती त्यांच्याकडे पाहत राहिली. मग तिच्या डोळ्यांत पुढचा विचार येताना त्यांना दिसला, आणि ते घाईने तिच्याजवळ गुडघ्यांवर बसले.

“म्हणजे आई...”

“आई उन्हानं गेली,” त्यांनी तिचा हात घट्ट धरला. “उन्हानंच गेली, बेटा. दुसरं काही नाही.”

लहानपणापासून बापाने सांगितलेलं प्रत्येक कारण उत्पलाने खरं मानलं होतं. हे तिने मानलं नाही.